पदकाखाली वस्तादाचे नाव

आपल्या वार्षिकांकात पदकविजेत्यांचे फोटो झळकतात. शिकविणाऱ्याचे नाव क्वचितच. मला हे पटत नाही. हरिश्चंद्र बिराजदार १९६९ साली महाराष्ट्र केसरी झाले. पुढे पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत त्यांनी पोरे घडविली. स्वतः डाव मारणे निराळे, तो दुसऱ्याच्या अंगात उतरविणे निराळे. त्याला उमेदीची वर्षे मोजावी लागतात, आणि टाळ्या मात्र पोराला! २०११ साली ते गेले. २०१८ मध्ये गोल्ड कोस्टला राष्ट्रकुल स्पर्धेतले सुवर्णपदक मिळताच राहुल आवारेने ते त्यांनाच अर्पण केले. शिष्याला जे सुचले ते आपल्याला का सुचू नये? आमच्या कामोठ्यात जिम पुष्कळ निघाल्या. तिथे आरसे भरपूर, वस्ताद शोधावा लागतो. यंदापासून जिमखान्याच्या पानावर पदकाखाली प्रशिक्षकांचेही नाव छापावे, ही संपादकांना विनंती.