तिकीट आहे, जागा नाही

तिकीट या वस्तूवर माझी लहानपणापासून श्रद्धा आहे. एस.टी.च्या कंडक्टरने चिमट्याने टोचून दिलेलं तिकीट आमचे वडील प्रवास संपल्यावरही दोन दिवस शर्टाच्या खिशात जपून ठेवत. न जाणो, कुणी घरी येऊन तपासलं तर! तिकीट म्हणजे शब्द. आपण पैसे दिले आणि समोरच्याने आपल्याला न्यायचं कबूल केलं, इतका साधा व्यवहार. माझ्या या श्रद्धेला गेल्या वर्षी पुण्याच्या विमानतळावर तडा गेला.

भाचीचं लग्न होतं, नागपूरला. मुहूर्त गोरज, ६ वाजून ४२ मिनिटांचा. आमची ही दोन दिवस आधीच मदतीला पुढे गेली होती. मी ऑफिसच्या ऑडिटमध्ये अडकलो, म्हणून लग्नाच्या दिवशी दुपारी एकच्या विमानाने निघणार होतो. लग्नात मुलीचा मामा म्हणजे काय प्रकरण असतं, हे तुम्हाला सांगायला नको. एरवी वर्षभर त्याला कुणी विचारत नाही. पण त्या दिवशी नवरीला अंतरपाटापाशी आणायचं ते त्यानेच, आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत तिच्या पाठीशी उभं राहायचं तेही त्यानेच. बहिणीने फोनवर चारदा बजावलं होतं, "दादा, बाकी कुणी नाही आलं तरी चालेल. तू ये."

साडेअकरालाच मी काउंटरच्या रांगेत हजर होतो. घरूनच चेक-इन करायची सोय असते, हे मला ठाऊक आहे. आदल्या रात्री मी त्यासाठी बसलोही होतो. पण कंपनीने खिडकीच्या जागेचे साडेचारशे आणि मधल्या जागेचे दोनशे रुपये मागितले. दोन अनोळखी माणसांच्या कोपरांमध्ये चेंगरून बसायचे दोनशे? पुणेरी रक्त उसळलं. म्हटलं, काउंटरवर जी फुकट मिळेल ती घेऊ. आयुष्यात इतकी महागडी बचत मी दुसरी केली नाही.

माझ्यापुढे एक इंजिनिअरिंगचा पोरगा होता. बॅग द्यायची म्हणून रांगेत. चेक-इन आधीच केलेलं. सुट्टी संपवून होस्टेलला परत चालला होता. "लवकर पोचून तरी काय करायचंय, काका? मेसचं जेवण!" असं म्हणून त्याने बॅग दिली आणि गेला. मग माझा नंबर आला.

काउंटरवरच्या मुलीने माझं तिकीट पाहिलं, यंत्रात पाहिलं, पुन्हा तिकीट पाहिलं, आणि डॉक्टर रिपोर्ट वाचून दाखवतात त्या आवाजात म्हणाली, "सर, फ्लाइट ओव्हरबुक झालीय."

"म्हणजे?"

"म्हणजे सीट नाहीये."

"पण तिकीट आहे ना!"

"तिकीट आहे, सर. सीट नाहीये."

"अहो, यावर कन्फर्म लिहिलंय!"

"हो सर, कन्फर्मच आहे," ती तितक्याच गोड आवाजात म्हणाली. "तुम्हाला रात्री पावणेनऊच्या फ्लाइटला कन्फर्म करून देते."

मी गोरज मुहूर्त समजावून सांगितला. अंतरपाट सांगितला. मामा सांगितला. तिच्या डोळ्यांत क्षणभर कणव दिसली, कारण तिलाही कुठेतरी मामा असणारच. पण यंत्राला मामा नव्हता. वास्तविक त्या पोरीवर ओरडण्यात अर्थही नव्हता. जागा ज्याने दोनदा विकली तो कुठल्यातरी शहरात गार खोलीत बसला होता, आणि शिव्या खायला त्याने हिला इथे उभं केलं होतं. शेवटी टाय लावलेला एक साहेब आला. म्हणाला, "सर, रोज चार-पाच पॅसेंजर येतच नाहीत. म्हणून आम्ही अंदाजाने थोडी जास्त तिकिटं देतो. वर्ल्डवाइड प्रॅक्टिस आहे." आणि त्याने माझ्या हातावर सँडविचचं कुपन ठेवलं.

तर आता या वर्ल्डवाइड प्रॅक्टिसविषयी दोन शब्द बोलतो.

जास्त तिकिटं एस.टी.वालेही देतात. पण ते सगळ्यांना नेतात! उभं नेतील, इंजिनावर बसवतील, दुसऱ्याची कोंबडी मांडीवर देतील, पण नेतील. बालगंधर्वला एकाच खुर्चीची दोन तिकिटं गेली तर निदान कडेला एक लोखंडी खुर्ची टाकतात. एकच फ्लॅट दोघांना विकणाऱ्या बिल्डरला आपण चारशेवीस म्हणतो. (२०२४ पासून त्या कलमाचा नंबर ३१८ झालाय, उद्योग तोच आहे.) विमानात मात्र याच उद्योगाला प्रथा म्हणतात.

कंपन्या म्हणतात, जागा रिकामी गेली तर नुकसान होतं, मग भाडी वाढवावी लागतील. ऐकायला बरं वाटतं. पण जो आलाच नाही त्याच्या पैशांचं काय झालं? स्वस्तातल्या तिकिटाचं मूळ भाडं न येणाऱ्याला बहुधा परत मिळतच नाही. म्हणजे त्या रिकाम्या खुर्चीचे पैसे एकदा वसूल झालेले असतात. तीच खुर्ची दुसऱ्यांदा विकून वर नुकसानीचं रडगाणं गायचं!

बरं, अंदाज करा. व्यापार आहे, अंदाज हवाच. आमच्याकडे कार्यातही आचारी अंदाजानेच तांदूळ घेतो. पण अंदाज चुकला तर यजमान धावपळ करतो. पाहुण्याला पानावरून उठवत नाही. माझं भांडण आहे ते एवढ्यासाठीच. अंदाज ज्याचा, त्याची चूकही त्याची. भुर्दंड त्याने भरावा.

आणि हे जमण्यासारखं नाही असंही नाही. जुलियन सायमन नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९६८ साली सोपा उपाय सुचवला होता. प्रवाशांनाच विचारा, किती पैसे दिले तर तुम्ही थांबाल? सगळ्यात कमी मागेल त्याला द्या आणि थांबवा. विमान कंपन्यांनी त्याची टिंगल केली. १९७२ साली त्यांनी नेमका राल्फ नेडर या ग्राहकांच्या कैवाऱ्याला वॉशिंग्टनहून निघताना बाहेर ठेवलं. याला म्हणतात आ बैल मुझे मार! नेडर कोर्टात गेला, प्रकरण १९७६ साली सुप्रीम कोर्टापर्यंत पोचलं, आणि १९७८ च्या सुमारास तिथे नियम झाला की कुणालाही सक्तीने उतरवण्याआधी राजीखुशीने थांबणारे शोधा. युरोपने २००४ च्या नियमात अंतराप्रमाणे २५०, ४०० आणि ६०० युरो असा दरच बांधला.

नियम झाला म्हणून अक्कल येते असं नाही. २०१७ साली शिकागोला एका कंपनीला आपलेच चार कर्मचारी न्यायचे होते. ८०० डॉलरपर्यंत बोली लावली, कुणी उठेना. मग स्थानापन्न झालेल्या ६९ वर्षांच्या एका डॉक्टरला फरफटत बाहेर काढलं. ते साऱ्या जगाने पाहिल्यावर त्याच कंपनीने बोलीची मर्यादा १०,००० डॉलरवर नेली. म्हणजे पैसे होते. बोली थोडी वाढवायची, एवढंच करायचं होतं.

आपल्याकडेही नियम आहे, बरं का! २०१६ साली सुधारलेल्या नियमाप्रमाणे कंपनीने आधी स्वखुशीने थांबणारे विचारायचे. कुणी नाहीच मिळालं, तर ज्याला डावललं त्याला तासाभरात दुसरं विमान द्यायचं. तेही नसेल आणि चोवीस तासांत पाठवलं, तर एकेरी मूळ भाडं व इंधन आकार यांच्या दुप्पट, पण जास्तीत जास्त १०,००० रुपये. त्याहून उशीर झाला तर चौपट, जास्तीत जास्त २०,०००. हे मला कळलं घरी आल्यावर. काउंटरवर मला फक्त सँडविच कळलं. पुढे सात पत्रं लिहून ते पैसे मी वसूल केले, हा भाग वेगळा.

पण पैशापेक्षा मला सलतं ते हे की कुणी कुणाला विचारलंच नाही. शंभर-दीडशे माणसांत एकाला तरी घाई नसणारच. माझ्यापुढचा तो पोरगा! त्याला दहा हजार दाखवले असते तर तो रात्रीच काय, पायी नागपूरला गेला असता, आणि जाताना कंपनीला दुवा देत गेला असता. त्याला मेसचं जेवण चुकवायचं होतं, मला मुहूर्त गाठायचा होता. फक्त मोठ्याने एक प्रश्न विचारायचा होता. पण विचारलं की किंमत मोजावी लागते. त्यापेक्षा रांगेत शेवटी राहिलेला पुणेरी मामा स्वस्त पडतो.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. तिकिटं हवी तेवढी विका; पण प्रवासी जास्त झाले तर दारात उभं राहून बोली लावा, आणि कुणीतरी हसत हात वर करीपर्यंत ती वाढवत जा. त्यावर कमाल मर्यादा नको. ती असली तर अंदाजवाला तिच्या आडोशाला निवांत झोपतो. चूक खिशाला लागली की बघा, अंदाज कसे अचूक यायला लागतात!

मंगलाष्टकं मी विमानतळावर बसून मोबाइलवर ऐकली. भाचीच्या पाठीशी माझा एक दूरचा मावसभाऊ उभा होता. तिने दोनदा मागे वळून पाहिलं, ते मला त्या एवढ्याशा काचेवरही दिसलं.

कार्यालयात पोचायला रात्रीचे अकरा वाजले. वऱ्हाड गेलं होतं, मांडववाले खुर्च्या एकात एक घालत होते. बहीण पायरीवरच बसलेली. मला वाटलं, आता ही बोलणार. ती काहीच बोलली नाही. माझ्या हातातली बॅग घेतली आणि म्हणाली, "हातपाय धू आधी. तुझं पान राखून ठेवलंय."

आत खरोखरच एका पाटासमोर झाकलेलं ताट होतं. दोनशे पानं उठली होती. ऐन वेळी आलेले पंधरा-वीस जणही जेवून गेले होते. पण माझ्या पाटावर कुणी बसलं नव्हतं.

मी जेवायला बसलो. जिलबी गार झाली होती. खिशात ते कन्फर्म तिकीट तसंच होतं.