संग्रहालयाच्या दिवशीं आजीला न्या

दरसाल १८ मे हा दिवस जगांतील पुष्कळ देशांत वस्तुसंग्रहालयांचा दिवस म्हणून साजरा होत असतो. संग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेची स्थापना १९४६ सालीं झाली, आणि तिनें १९७७ सालीं मॉस्को येथील अधिवेशनांत हा उपक्रम ठरविला. त्या सुमारास मोठ्या शहरांतील संग्रहालयांतून व्याख्यानें होतात, जाणते लोक दालनें हिंडवून दाखवितात, आणि मुलांसाठीं माती, रंग, कागद असा पसारा मांडलेला असतो. आमच्याकडे हा दिवस ऐन सुटींत पडतो ही मोठीच सोय म्हणावयाची. परीक्षा आटोपलेल्या असतात, आंब्याच्या अढीभोवतीं घिरट्या चाललेल्या असतात, आणि आजोळीं जमलेलीं नातवंडें दुपारभर घर डोक्यावर घेतात. त्यांना कोठें न्यावें हा प्रश्न गृहिणींना दरसाल पडतोच. म्हणून त्याविषयीं या अंकीं लिहावें असें आम्हीं योजिलें आहे.

संग्रहालय पाहण्याविषयीं आमच्या घरांतून एक विचित्र समजूत रुजलेली आहे. नागपूरचें मध्यवर्ती संग्रहालय १८६३ सालीं निघालें. लोकांनीं त्याला 'अजब बंगला' म्हटलें, आणि तेंच नांव आजहि लोकांच्या तोंडीं आहे. नांव गोड खरें; पण त्यांतच आमची दृष्टि उमटली आहे. तेथें जें मांडलेलें असेल तें सारें अजब, आपल्या घराशीं संबंध नसलेलें. तें आ वासून पाहावयाचें आणि पाय दुखूं लागले म्हणजे बाहेर येऊन उसाचा रस प्यावयाचा! (रसाविरुद्ध आमचें कांहीं म्हणणें नाहीं.) मुलांना संग्रहालयाचा कंटाळा येतो अशी तक्रार करणाऱ्या आईबापांनीं, आपण त्यांना किती वस्तूंपुढून किती वेगानें ओढीत नेलें, याचा एकदां हिशेब करावा.

मुंबईंत भायखळ्याच्या राणीच्या बागेंत सहकुटुंब जाणारे लोक असंख्य. परंतु त्याच आवारांतील डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाची पायरी चढणारे त्या मानानें थोडे. या संग्रहालयाचा जन्मच मोठा खडतर आहे. त्याचा पहिला संग्रह किल्ल्यांतील बराकींत होता. १८५७ च्या धामधुमींत तो घाईघाईनें हलवावा लागला व त्यांतील पुष्कळ वस्तूंची नासधूस झाली. पुढें डॉ. भाऊ दाजी, नाना शंकरशेट, डॉ. बर्डवुड प्रभृति मंडळी झटली आणि आजची इमारत १८७२ सालीं लोकांस खुली झाली. तेव्हां तिला राणी व्हिक्टोरिया व तिचा पति यांचें नांव होतें. भाऊ दाजींचें नांव १९७५ सालीं देण्यांत आलें. बाहेरच्या बागेंत जो दगडी हत्ती उभा आहे, तो घारापुरीचा. याच्यावरूनच पोर्तुगीजांनीं त्या बेटाला 'एलिफंटा' म्हटलें. १८६४ सालीं त्याला विलायतेस नेण्याचा घाट घातला गेला, पण उचलतांना तो कोसळून त्याचे तुकडे झाले. ते तुकडे मुंबईंतच राहिले आणि १९१४ सालीं सांधून पुन्हां उभे करण्यांत आले. मुलांना ही गोष्ट हत्तीपुढें उभें राहून सांगावी, आणि त्याच्या अंगावरचे सांधे त्यांचे त्यांनाच शोधूं द्यावे. आंत मुंबईंतील निरनिराळ्या जातिजमातींच्या लोकांचे मातीचे लहान लहान पुतळे आहेत. त्यांतल्या पगड्या पाहण्यांतच मुलांची घटका कशी निघून जाते हें कळत नाहीं.

दक्षिण मुंबईंतील छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाविषयीं येथें विस्तार करीत नाहीं. त्याची कोनशिला १९०५ सालीं बसली, परंतु मध्यंतरीं महायुद्धामुळें इमारतीचा उपयोग लष्करी इस्पितळासाठीं झाला आणि लोकांना आंत जावयास १९२२ साल उजाडलें. एके काळीं मुलांना कोणी विचारीत नव्हतें. २०१९ सालीं तेथें मुलांसाठीं निराळें संग्रहालयच निघालें, एवढा काळ पालटला आहे.

पण आमचें मन खरें रमतें तें पुण्याच्या शुक्रवार पेठेंतील राजा दिनकर केळकर संग्रहालयांत. कै. दिनकर गंगाधर केळकर हे 'अज्ञातवासी' या नांवानें कविता लिहीत. चरितार्थासाठीं चष्म्यांचें दुकान चालवीत. त्यांचा राजा नांवाचा मुलगा लहानपणींच गेला, आणि त्याच्याच स्मृतीला त्यांनीं हा सारा संग्रह वाहिला. पत्नी कमलाबाई यांच्या साथीनें १९२० च्या सुमारापासून कित्येक तपें ते गांवोगांव हिंडले. वीस हजारांहून अधिक वस्तु जमल्या. त्यांत राजेरजवाड्यांचा थाट थोडा आणि घरगुती संसार फार! दिवे, अडकित्ते, पानदानें, दौती, वाद्यें, वाड्यांचे कोरीव दरवाजे, न्हाणीघरांतल्या वज्र्या. जी वस्तु लोक मोडींत घालीत, तिच्यापुढें या माणसानें हात जोडले असें म्हटलें तरी चालेल.

असल्याच वस्तूंच्या एका कपाटापुढें मागल्या उन्हाळ्यांत आम्हीं एक गोष्ट पाहिली. दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा चिठीवरचा मजकूर वाचून पुढें सरकत होता. "आजी, चल ना, हें नुसतें पितळ आहे," तो म्हणाला.

"अरे, नुसतें पितळ कसें? वज्री ही!" आजी कांचेला नाक लावून म्हणाल्या. "माझ्या आजेसासूबाई न्हाणींतल्या दगडाजवळ ठेवीत. आम्हां सुनांना आधीं हात लावायची छाती नव्हती."

"आणि खालीं चरे कशाला?"

"टाचा घासायला. दिवसभर अनवाणी वावरायचं, सारवणाच्या जमिनी. टाचांना भेगा पडत. फार जोरानें घासलीस कीं रक्त आलंच!" असें म्हणून त्यांनीं एका हातानें नातवाचा खांदा धरिला, पाऊल किंचित् उचललें आणि रित्या हातानें टांच घासून दाखविली. आसपासचीं दोन-तीन परकीं मुलेंहि तेथें येऊन उभीं राहिलीं. पुढें अडकित्ते आले. मग सुपारी कोणती, कातरावी कशी, बारीक कातरणाऱ्या सुनेचें कौतुक काय होत असे, हें सारें निघालें. त्या तिघीचौघांनीं अर्ध्या तासांत दोनच कपाटें पाहिलीं.

चिठीवर काय होतें? वस्तूचें नांव, धातु, प्रांत, शतक. संग्रहालयाच्या चिठींत याहून अधिक मावतहि नाहीं, आणि त्याबद्दल आम्ही तेथील मंडळींस दोष देत नाहीं. वस्तु राखण्याचें काम त्यांचें. ती हातांत कशी धरीत हें जाणणारें माणूस मात्र घरांत असतें, आणि तें आतां ऐंशीच्या घरांत आलें आहे. फणेरपेटीच घ्या. आंत आरसा, फणी, कुंकवाचा करंडा, आणि त्याशेजारीं आणखी एक लहानशी डबी. ती मेणाची. कोरडें कुंकू कपाळावर टिकत नसे, म्हणून आधीं मेणाचें बोट लावीत. हें आज किती सुनांना ठाऊक आहे? आणि त्याच घरांत कोणा एकीला ती पेटी पुन्हां उघडण्याची बंदी होती, तिचे केस काढीत आणि तिला अलवण नेसवीत, हेंहि आजींनीं नातीला सांगावें. जुन्या संसाराचें कौतुक सांगावयाचें आणि त्याचा चटका लपवावयाचा, हें आम्हांस मान्य नाहीं. वस्तु दोन्हींची साक्षी आहे. बोलणारें माणूस गेलें कीं ती मुकी होते.

म्हणून आमचें सांगणें इतकेंच कीं, मुलांना संग्रहालयांत नेतांना घरच्या वडीलधाऱ्यांना 'तुम्हांला चालवणार नाहीं' म्हणून मागें ठेवूं नका. त्यांच्यासाठीं म्हणून सकाळची वेळ धरा, एकच दालन ठरवा, आणि तास-दीड तासांत परत फिरा. मातीकामाचा, चित्रांचा जो कार्यक्रम मुलांसाठीं असेल तो त्यांना अवश्य करूं द्या. मात्र आधीं दालन पाहावें, मग माती हातीं घ्यावी. जी वज्री पाहिली तीच मातीची करूं लागलें म्हणजे मूल पुन्हां एकदां तिच्याकडे पाहावयास धांवतें. संग्रहालयांच्या चालकांनाहि एक विनंति आहे. एका संग्रहालयांत आम्हीं सलग तीन दालनें हिंडलों, पण वृद्धांना टेकावयास एकहि बांक दिसला नाहीं. पाहुण्यांना उभें ठेवण्याची रीत आपल्याकडे नव्हती!

'हात लावूं नये' या पाटीवर मुलें रागावतात. त्यांना कारण सांगितलें तर तीं समजतात. बोटांच्या घामांत क्षार असतात; त्यानें पितळ-तांबें काळवंडतें व झिजतें. उजेडानें कापड आणि कागद यांचे रंग विटतात, आणि एकदां विटलेला रंग पुन्हां येत नाहीं. म्हणून त्या दालनांत दिवे मंद ठेवितात व मोबाईलचा लखलखाट नको म्हणतात. घरांत पैठणी मलमलींत गुंडाळून ठेवावयाची आणि मधून मधून तिची घडी बदलावयाची, हें ज्या मुलीनें पाहिलें आहे तिला हें एका वाक्यांत पटेल.

घरीं परतल्यावर माळ्यावरची एखादी वस्तु खालीं काढावी. बंब असो, घंगाळ असो, रोवळी असो. ती पुसून आजी-आजोबांपुढें ठेवावी आणि नातवंडांनीं चिठी लिहावी: नांव काय, कोणाची, कोठून आली, कशी वापरीत, केव्हां बंद पडली. ही चिठी वस्तूलाच बांधून ठेवावी. मग ती वस्तु घरांत ठेवावयाची कीं द्यावयाची, हें सावकाश ठरवितां येईल. निदान भंगारवाल्याच्या तराजूंत ती निनांवी जाणार नाहीं.

अशा दिवसांच्या कार्यक्रमांस जागा थोड्या असतात. नांवें आधीं नोंदवावीं लागतात. आठवडाभर अगोदर संग्रहालयाकडे चौकशी करावी, आणि चिठीवरचीं अक्षरें वाचण्यासाठीं आजींचा जवळचा चष्मा बरोबर आठवणीनें घ्यावा. घरांतील जुन्या पोथ्या व पत्रें यांना कसर लागूं नये म्हणून काय करावें, असें कांहीं वाचक-भगिनींनीं विचारलें आहे. त्याविषयीं पुढील अंकीं.