नृत्याचे ‘शुद्धीकरण’ कोणी केले?

भरतनाट्यम ही कला कुलीन घराण्यांतील मुलींनी हाती घेतली म्हणून ती शुद्ध झाली व टिकली, असे विधान आमच्या सुशिक्षित मंडळींच्या तोंडून वारंवार ऐकू येते. मुलीच्या अरंगेट्रमची निमंत्रणपत्रिका हाती देताना पालक हेच सांगतात. व्यासपीठावरून अध्यक्षही हेच बोलतात. हे विधान असत्य आहे, आणि त्याहूनही अधिक ते कृतघ्न आहे.

मद्रासच्या टी. बालसरस्वती (१९१८–१९८४) यांचेच उदाहरण घेऊ. देवदासींच्या परंपरेतील, मातृवंशाने चालणारे त्यांचे घराणे. वीणा धनम्माळ ही आजी. जयम्माळ ही आई उत्तम गायिका. भावांपैकी विश्वनाथन वेणुवादक, तर रंगनाथन मृदंगवादक. संगीतासाठी या मुलीस घराचा उंबरठा ओलांडावा लागला नाही. नृत्यासाठी मात्र धैर्य लागले. देवदासींच्या नाचाची निंदा तेव्हा इतकी वाढली होती की, खुद्द आप्तांनीच विरोध केला. जयम्माळने तो जुमानला नाही. गुरू कंदप्पा पिळ्ळै हे तंजावरच्या ज्या चार बंधूंच्या वंशातले, त्यांना सरफोजीराजे भोसले यांच्या दरबारी आश्रय होता. तेव्हा ही परंपरा महाराष्ट्रीय वाचकांस अगदीच परकी नव्हे. कंदप्पांची शिस्त कठोर. १९२५ साली, वयाच्या सातव्या वर्षी, कांचीपुरमच्या मंदिरात बालसरस्वतींचे पहिले नृत्य झाले. त्यांच्या शिक्षणाचा तो आरंभ होता. आमच्या घरांत अरंगेट्रम झाले की घुंगरे पेटीत जातात!

आता ‘शुद्धी’चा विचार करू. शृंगार काढून टाकला म्हणजे नृत्य सात्त्विक होते, असा हा पक्ष. बालसरस्वतींचे मत नेमके उलट होते: शृंगार हाच श्रेष्ठ रस, कारण जीवाची ईश्वराविषयीची ओढ त्याच भाषेत सर्वांत उत्कटपणे बोलते. १९७५ साली मद्रासच्या तमिळ इसै संगमात अध्यक्षपदावरून बोलताना त्यांनी नृत्याच्या क्रमास मंदिराची उपमा दिली. अलारिप्पू हे गोपुर. तेथून मंडपामागून मंडप ओलांडीत रसिक आत जातो, आणि पदम येते तेव्हा तो गर्भगृहाशी पोचलेला असतो. ज्या पदांना आम्ही अश्लील ठरविले, तीच या बाईंच्या दृष्टीने देवाच्या सर्वांत जवळची! स्वतः गात गात त्या पदावर अभिनय करीत. गाणे कळल्यावाचून अभिनय येत नाही, ही त्यांची श्रद्धा होती.

आणि शुद्धी करणारे तरी शिकले कोणापाशी? रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी १९३५ साली अड्यार येथे नृत्य करून कुलीन स्त्रियांना वाट मोकळी केली व १९३६ साली कलाक्षेत्र स्थापिले. त्यांचे हे श्रेय कोणी नाकारू नये. परंतु ज्या मैलापूर गौरी अम्माळपाशी त्या शिकल्या, ती मंदिराची देवदासीच होती. बालसरस्वतींनीही तिच्यापाशी अभिनयाचे पाठ घेतले. उगम एकच असता, एका घरी आलेले पाणी गंगाजळ आणि दुसऱ्या घरचे गढूळ, हा कोठला न्याय?

यावर कोणी म्हणेल, “देवदासीप्रथेचा आपण पुरस्कार करता काय?” मुळीच नाही. मुलींना देवास वाहणे बंद करणारा मद्रासचा १९४७ चा कायदा आवश्यकच होता. त्यासाठी झटणाऱ्या डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांची आईही देवदासी घराण्यातलीच. पण त्याच कायद्याने स्त्रियांचे मंदिरातील नृत्यही निषिद्ध ठरले. प्रथा गेली हे उत्तम झाले. तिच्यासोबत कलावतीचा मान व उपजीविकाही गेली, आणि तिची विद्या मात्र आमच्या दिवाणखान्यात आली. आईचे नाव टाकून आईची मिळकत घ्यावी, तसा हा व्यवहार झाला.

कुलीनतेची व्याख्या तरी काय करावी? धनम्माळची पदे जयम्माळने उचलली. लेक नाचू लागली तेव्हा आई तिच्यासाठी गायिली. बालसरस्वतींची कन्या लक्ष्मी हिने पुढे तेच नृत्य चालविले. मद्रासच्या म्युझिक अकादमीने १९७३ साली ‘संगीत कलानिधी’ ही पदवी प्रथमच एका नर्तकीस दिली, ती याच घरातील कन्येस. पिढ्यान्‌पिढ्या विद्या राखणारे घर कुलीन नव्हे, तर मग कुलीन कोण?

म्हणून आमची मागणी साधी आहे. मुलीस नृत्य शिकवा, पण आधी गाणे शिकवा. आणि तिच्या पहिल्या नृत्याच्या पत्रिकेवर आपल्या कुलदैवताखाली त्या स्त्रियांचीही नावे छापा, ज्यांच्यामुळे ही कला आपल्या दारापर्यंत आली. तेवढे धैर्य नसेल, तर निदान ‘शुद्धीकरण’ हा शब्द तरी यापुढे उच्चारू नये.