'हे माझे बाबा' इंग्रजीत कसे सांगाल?



पालकभेटीच्या दिवशी तिसरीतला एक मुलगा वडिलांना घेऊन आला आणि मोठ्या उत्साहाने म्हणाला, "दीज आर माय फादर." मागच्या बाकांवर हशा पिकला. त्यानंतर तो दिवसभर इंग्रजीचा एक शब्दही बोलला नाही.

मला विचाराल तर चूक त्याची नव्हती. वडिलांची ओळख करून देताना आपण 'हे माझे बाबा' म्हणतो. आदरासाठी अनेकवचन वापरायचे, हा आपल्या भाषेचा संस्कार. तोच त्याने इंग्रजीत नेला. इंग्रजीत एका व्यक्तीला 'दिस इज'च म्हणतात, मग ते वडील असोत की राष्ट्रपती, आणि त्यात अनादर नसतो. एवढे आम्ही शिक्षकांनी त्याला आधी सांगायला हवे होते.

दिस, दॅट, दीज, दोज हे चार शब्द आपण फार सोपे समजतो. तक्ता पाठ करून घेतला की पुढचा धडा! पण मराठी मुलाची अडचण पाहा. 'हे पुस्तक' एक, तर 'हे मुलगे' अनेक. 'ही वही' एक, तर 'ही पुस्तके' अनेक. मग 'हे' म्हणजे दिस की दीज? शब्दाला शब्द लावून उत्तर मिळत नाही. म्हणून मुलांनो, शब्द पाहू नका, वस्तू मोजा. एक असेल तर दिस, अनेक असतील तर दीज. वस्तू लांब असेल तर दॅट आणि दोज. पुल्लिंग-स्त्रीलिंगाची चिंता इथे नाही.

शेजारच्या गुजराती मित्राची अडचण वेगळी. त्याचे 'आ' एकाला चालते आणि अनेकांनाही. मी स्वतः हिंदी माध्यमात शिकलो. लिहिताना 'यह' आणि 'ये' वेगळे, पण बोलताना सगळीकडे 'ये'च. त्यामुळे 'दीज' माझ्या जिभेवर बसायला फार दिवस लागले. कामरेजच्या आपल्या वर्गात मराठी, अहिराणी, गुजराती, हिंदी सगळे कानावर पडते. सर्वांना एकच तक्ता कसा पुरेल?

काही पालकांचा आग्रह असतो की, इंग्रजीच्या तासाला मराठीचा शब्दही नको. त्यांच्या तळमळीचा मला आदर आहे, पण हे मत पटत नाही. १८३६ साली मराठीचे व्याकरण प्रसिद्ध करणारे दादोबा पांडुरंग तर्खडकर पुढे आपल्या सुरतेतच इंग्रजी शाळेत शिक्षक होते. स्वभाषेचे व्याकरण जाणणारा माणूस परभाषा शिकवू शकतो, याचे याहून जवळचे उदाहरण कोणते?

माझे मत असे की, हे चार शब्द पहिले काही आठवडे पुस्तक मिटून शिकवावेत. पुस्तकातली सगळी चित्रे एकाच पानावर, सारख्याच अंतरावर असतात; तिथे जवळ काय आणि लांब काय? हातातली पेन्सिल 'दिस', खिडकीबाहेरचे झाड 'दॅट'. मग मुलाला झाडाखाली उभे करावे, म्हणजे तेच झाड 'दिस' होते आणि वर्ग 'दॅट'. हे एकदा अंगवळणी पडले की विसरत नाही.

विश्वस्त मंडळाला विनंती आहे की, यासाठी खर्च नको, फक्त वेळ द्यावा. किती धडे 'झाले' यावर शिक्षकाचे काम मोजू नये. पालकांनी कामरेज चार रस्त्यावर बसची वाट पाहताना मुलांना विचारावे, जवळची रिक्षा कोणती, पलीकडचे ट्रक कोणते. स्वतःला इंग्रजी येत नसेल तर मुलांकडून शिकावे. त्यात कमीपणा नाही.

आणि विद्यार्थ्यांनो, कोणी चुकला तर हसू नका. हसण्याने चूक सुधारत नाही, फक्त एक तोंड बंद होते.

– आपला,
मुख्याध्यापक