विश्लेषण : नोकरी गेली, मग देखावा कोणासाठी?

पुण्यात हिंजवडी किंवा खराडीतल्या एखाद्या कंपनीत कपात झाली, तरी ती सोसायटीत लगेच कळत नाही. नोकरी गेलेला माणूस नेहमीच्या वेळी लॅपटॉपची बॅग घेऊन बाहेर पडतो किंवा 'सध्या वर्क फ्रॉम होम आहे' असे सांगतो. पगार थांबल्याचा ताण असतोच; तो थांबलेला नाही, असे दाखवण्याचा ताण त्यात भर घालतो.

हा दबाव येतो कुठून?

ओळख झाली की नावानंतरचा प्रश्न असतो, 'कुठे असता?' लग्नाच्या बायोडेटात पगाराचा रकाना असतो. पुरुषाने कमावलेच पाहिजे, ही घरोघरची अपेक्षा. बाईची नोकरी गेली तर 'बरे झाले, आता घराकडे लक्ष दे' असा सल्ला मिळतो. दोघांसाठीही साचा ठरलेला असतो.

देखाव्याची किंमत काय?

घराचा हप्ता, किराणा, शाळेची फी टळत नाही. पण लग्नातला आहेर, सहल, वाढदिवसाची पार्टीही 'कमी दिसायला नको' म्हणून चालूच राहते आणि क्रेडिट कार्डावर जाते. थकबाकी राहिली, तर अनेक कार्डांवर वर्षाला ३६ टक्के किंवा त्याहून अधिक व्याज लागते.

लपवल्याने आणखी काय जाते?

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी बोस्टनजवळ नोकरी बदललेल्यांचा अभ्यास केला. ओळखीतून काम मिळालेल्यांपैकी बहुतेकांना ते जवळच्या मित्रांकडून नव्हे, तर अधूनमधून भेटणाऱ्या परिचितांकडून कळले होते. जवळच्यांना जे ठाऊक असते, ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असते. नवी बातमी दूरच्या ओळखीतून येते. नोकरी गेल्याचे आपण लपवतो ते नेमके या परिचितांपासून.

मग काय करावे?

घरात पहिल्याच आठवड्यात सांगावे. मुलांनाही वयाला झेपेल तेवढे. बाहेर एक वाक्य पुरते : 'कपातीत नोकरी गेली, नवी शोधतोय, काही कळले तर सांगा.' हप्ता चुकण्याआधी बँकेशी बोलावे. कंपनीचा सामूहिक आरोग्य विमा कधी संपतो ते विचारून स्वतःच्या पॉलिसीची सोय करावी. सलग पाच वर्षे नोकरी झाली असेल, तर ग्रॅच्युइटीचा हक्क सोडू नये. झोप उडाली, मन खचले, तर 'टेलिमानस'च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर दिवसरात्र बोलता येते.

आणि इतरांनी?

भेटेल तेव्हा 'लागली का कुठे?' असे विचारण्यापेक्षा एखादी रिकामी जागा कळवावी. आहेराचे पाकीट हलके असेल, तर त्याची चर्चा करू नये. 'चार लोक काय म्हणतील' या भीतीतले चार लोक दुसरे कोणी नसतात. शेजारी, नातेवाईक, जुने सहकारीच असतात. त्यांनी ठरवले, तर नोकरी गेलेल्याला सकाळी बॅग घेऊन बाहेर पडावे लागणार नाही.