पपईवरील पिठ्या ढेकूण व त्याचा परोपजीवी शत्रु

बागेंत कीड दिसली कीं पंप खांद्यावर घ्यावयाचा, ही आपली रीत होऊन बसली आहे. ती सर्वत्र हितकर नाहीं, हें पपईवरील पिठ्या ढेकणाच्या उदाहरणावरून स्पष्ट होतें.

हा कीटक मूळचा मेक्सिकोकडील. सन २००८ मध्यें तो आपल्या देशांत प्रथम कोइंबतूर येथें आढळला व दोन वर्षांत पुणें भागांतील बागांपर्यंत पोंचला. एकेक मादी कापसासारख्या पिशवींत शेंकडों अंडीं घालते. अंगावरील मेणट पिठामुळें औषध त्याला नीट भिडत नाहीं. पानें आकसतात, फळांवर चिकटा व काळी बुरशी चढते. फवारणीचा खर्च वाढला, कीड मात्र हटली नाहीं. अखेर सन २०१० मध्यें बंगळूर येथील राष्ट्रीय कीटक संस्थेनें पोर्टो रिकोहून ॲसेरोफॅगस पपायी नांवाची, मोहरीच्या दाण्याहूनही लहान अशी माशी आणवून बागांत सोडविली, आणि कांहीं महिन्यांतच किडीचा जोर ओसरला.

ही माशी ढेकणाच्या पिलाच्या अंगांत अंडें घालते. अळी त्याला आंतून खाते. ढेकूण फुगून तपकिरी व कडक होतो, आणि त्याला वाटोळें भोंक पाडून नवी माशी बाहेर पडते.

कोणी म्हणेल, डोळ्यांदेखत फळ नासत असतां माशीची वाट किती पाहावी? शंका रास्त आहे. परंतु जें विष ढेकणाच्या पिठाआड पोंचत नाहीं, तेंच या नाजूक माशीला हटकून मारतें. मग उरलेल्या किडीला रान मोकळें. म्हणून फवारण्यापूर्वीं पानें उलटून पाहावीं. भोंकें पडलेले तपकिरी ढेकूण दिसल्यास हात आंवरावा, व तीं पानें जाळूं नयेत. तसे न दिसल्यास किडलेलीं पानें काढून नष्ट करावीं. बांधावरील गाजरगवत उपटावें, कारण त्यावरही ही कीड जगते. आणि मुंग्यांना झाडावर चढूं देऊं नये, कारण गोड चिकट्यासाठीं त्या ढेकणाची राखणच करतात.

परंतु एकट्यादुकट्याच्या संयमानें हें काम तडीस जाणार नाहीं. माशी बांध ओळखत नाहीं. एकानें जपली व शेजाऱ्यानें मारली, तर नुकसान दोघांचेंही होतें. यास्तव पपई लावणाऱ्या प्रत्येक गांवच्या बागाईतदारांनीं हंगामापूर्वीं एकत्र बसून फवारणीचा निर्बंध आपणच ठरवावा व तो पाळावा, असें आमचें आग्रहाचें सांगणें आहे.