वीजजाळ्याचा ताल आणि पीएच.डी.ची बंद वाटणारी दारे

देशाच्या स्थापित वीजक्षमतेपैकी निम्मी आता बिगर-जीवाश्म स्रोतांची आहे, असे केंद्र सरकारने जुलै २०२५ मध्ये जाहीर केले. उद्दिष्ट २०३० चे होते, तेव्हा आनंद रास्तच. पण हे बदलते जाळे स्थिर ठेवण्याचे शास्त्र कोण शिकणार, हा प्रश्न त्या बातमीच्या पोटात तसाच राहिला.

३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिणेचे जाळे उर्वरित देशाशी एका तालात आले. तेव्हापासून चेन्नईतला पंखा आणि सोलापुरातला यंत्रमाग एकाच ५० हर्ट्झवर चालतात. हा ताल आजवर औष्णिक आणि जलविद्युत केंद्रांतील अवजड फिरत्या रोटरांनी सांभाळला. मागणी एकाएकी वाढली, तर पहिल्या काही क्षणांची तूट ते आपल्या गतिज ऊर्जेतून भरून काढतात. सौर पॅनेल इन्व्हर्टरमार्फत जोडलेले असते. तेथे फिरणारे काहीच नाही. ते क्षण आता नियंत्रण-प्रणालीच्या गणिताने सांभाळावे लागतील. २८ एप्रिल २०२५ रोजी स्पेन आणि पोर्तुगाल अंधारात गेले ते प्रामुख्याने व्होल्टेज अनावर वाढल्यामुळे. जडत्वाचा प्रश्न वेगळा, हे खरे. पण नियंत्रण दोन्हीकडे कळीचे.

आयआयटी मद्रासचा विद्युत अभियांत्रिकी विभाग किंवा आयआयटी मुंबईचे सिस्टिम्स अँड कंट्रोल यांसारख्या ठिकाणी या विषयांत पीएच.डी. करता येते. मात्र महाराष्ट्रातील भौतिकशास्त्राचे पदव्युत्तर विद्यार्थी ‘ते इंजिनिअरांचे’ म्हणून जाहिरात उघडतही नाहीत. हे मला अनाकलनीय वाटते. रोटरच्या दोलनाचे समीकरण म्हणजे न्यूटनचा दुसरा नियमच, फिरत्या वस्तूला लावलेला. स्थैर्याच्या सिद्धान्ताचा पाया ल्यापुनोव या गणितज्ञाने १८९२ मध्ये घातला, तोही आपल्या डॉक्टरेटच्या प्रबंधात! गेट किंवा नेट उत्तीर्ण असलेल्या, संबंधित विषयातील एम.एस्सी.धारकांना आयआयटींतील काही अभियांत्रिकी विभाग पात्र धरतात. विभागागणिक अट निराळी असते, एवढेच.

पैशाचे बोलायलाच हवे. १ जानेवारी २०२३ पासून नेहमीची अधिछात्रवृत्ती पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आहे. पंतप्रधान संशोधन अधिछात्रवृत्ती २०१८ मध्ये सुरू झाली तीच ७०,००० पासून. एकाच प्रयोगशाळेत, शेजारच्या टेबलांवर, एवढी तफावत मला अन्याय्य वाटते. विद्युत शाखेच्या एम.टेक.धारकाला उद्योगात याहून बरेच अधिक मिळू शकते, तेव्हा तो पाच वर्षे का थांबेल? राष्ट्रीय गरज म्हणायचे, तर नेहमीची रक्कम वाढवलीच पाहिजे.

तोवर एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षातील मुलामुलींनी पात्रतेची अट शेवटच्या ओळीपर्यंत वाचावी. मुलाखतीसाठी रेषीय बीजगणित आणि अवकल समीकरणे पक्की करावीत. सर्किटचे जे कच्चे राहील, ते पहिल्या वर्षाच्या कोर्सवर्कमध्ये भरून काढता येते.